वाकडी पट्टी

तैसिया ग्लेबोव्हनाने आराखड्यात ती पट्टी वाकडी काढली, कारण ती वाकडीच होती.

कोरियात पडलेल्या एका अमेरिकन विमानातलं रडार लेनिनग्राडच्या त्या बिननावाच्या संस्थेत आलं, तेव्हा वरून एकच हुकूम होता: जसं आहे तसं बनवा, आपली अक्कल मध्ये घालू नका. त्यांच्याकडे आहे ते आपल्याकडे वर्षभरात हवं. आपलं होईपर्यंत ते आणखी काहीतरी पुढचं काढणार, मग तेही हवं. ही शर्यत कुठे ठरत होती कोण जाणे, लेनिनग्राडात मात्र फक्त मोजमाप घ्यायचं होतं. तैसियाने तीन महिने एकेक स्क्रू मोजला. रडारच्या तबकडीसमोरचा, लहरी सोडणारा कर्णा धरून ठेवणारी पट्टी मोजताना तिला वाकलेल्या जागी रंगाचे पोपडे निघालेले दिसले. विमान जमिनीवर आपटलं तेव्हा पट्टी वाकली, हे न सांगता कळत होतं.

पण विचारायचं कोणाला? विचारलं म्हणजे अक्कल घातली. तिने वाकडी पट्टी वाकडी काढली, खाली सही केली आणि रोजच्यासारखी कागदांची पेटी मेणमातीच्या गोळ्याने बंद करून त्यावर आपला पितळी शिक्का उठवला. तिच्या सहीखाली गोपनीय विभागाच्या कापितोनोवने सही ठोकली. मूळ यंत्र मॉस्कोला परत गेलं. कारखान्यात त्या आराखड्यावरून दीडशे रडार तयार झाली, दीडशेच्या दीडशे वाकडी.

संस्थेत ही रडार तपासून जुळवण्याचं काम वेनियामिन ओसिपोविच करायचा. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. फेब्रुवारीत एका दुपारी तो आपलं ताट घेऊन कँटीनमध्ये तिच्यासमोर येऊन बसला.

"तैसिया ग्लेबोव्हना, तुमच्यापुढे पाय मोडलेला माणूस उभा केला तर त्याचा पुतळाही तुम्ही लंगडाच कराल."

"हळू बोला."

"हळूच बोलतोय. मी चार पट्ट्या सरळ केल्या. आता विमान जिथे असतं तिथेच दिसतं. बाकीच्या रडारवर ते बाजूला सरकलेलं दिसतं. उद्या खरंच अमेरिकन आले, तर आपले वैमानिक रिकाम्या आभाळावर गोळ्या झाडत बसतील."

"हे कोणाला सांगितलंत?"

"तुम्हाला. कटलेट खा, गार होतंय."

तिने काटा खाली ठेवला. नवरा शहराच्या वेढ्यात उपासमारीने गेला होता, घरी आता ती आणि दहा वर्षांची लीदा. शेजारच्या खोलीतल्या बाईला मागच्या वर्षी रात्री अटक झाली, तेव्हा तिच्या मुलीला अनाथाश्रमात नेलं आणि आडनावही बदललं म्हणे. जिन्यात बुटांचा आवाज आला की तैसिया तेव्हापासून हातातलं काम थांबवून पावलं कोणत्या मजल्यावर थांबतात ते ऐकत बसायची. पट्टी अपघातात वाकली होती असं तिने आता सांगितलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तुम्ही दीडशे रडार मुद्दाम बिघडवलीत, कोणाच्या सांगण्यावरून?

आठवड्याभरात चाचण्यांचे आकडे मॉस्कोला पोहोचले. चार रडार एक सांगतात, बाकीची दुसरंच. मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिला कापितोनोवच्या खोलीत बोलावणं आलं.

टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्या होत्या, एक सरळ, एक वाकडी. वेनियामिन खुर्चीत बसला होता, त्याच्या गळ्यातला टाय कोणीतरी काढून घेतला होता. अटक केलेल्या माणसाचा टाय काढून घेतात, हे तैसियाला माहीत होतं. खिडकीशी मॉस्कोचा माणूस उभा होता. त्याचं नाव कोणी सांगितलं नाही.

"ही सरळ कोणी केली?" त्याने विचारलं.

"मी," वेनियामिन म्हणाला.

"का?"

"वाकडी नीट काम करत नाही."

"म्हणजे दीडशे रडार निकामी आहेत, असं म्हणायचंय तुम्हाला? मग ती कोणी निकामी केली?"

वेनियामिनने तोंड उघडलं. त्याची नजर तैसियाकडे वळली आणि तिथून खाली आपल्या हातांकडे गेली. "नाही, तसं नाही," तो म्हणाला. "मला आपली सरळ बरी वाटली."

मॉस्कोच्या माणसाने तिच्याकडे मान वळवली. "मूळ यंत्र तुम्ही मोजलंत. त्यातली पट्टी कशी होती?"

"वाकडी."

"आराखडा मुळाबरहुकूम आहे?"

"आहे."

एक शब्दही खोटा नव्हता. समोर कापितोनोव बसला होता. आराखड्यावर त्याचीही सही होती. तो तिच्याकडे अशा नजरेने पाहत होता की ती काही बोलली असती तर त्याने तिथेच तिच्या पायांवर लोळण घेतली असती. घाबरट मेला, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"आणखी काही सांगायचंय, कॉम्रेड?"

पोपडे, रंगाचे पोपडे. दोन शब्द होते. वेनियामिन तिच्याकडे पाहत नव्हता. तो मुद्दामच पाहत नाही, हे तिला कळत होतं.

"नाही," ती म्हणाली.

वेनियामिनला मागच्या दाराने नेलं. जाताना त्याने कोट मागितला, तो खाली मिळेल असं त्याला सांगितलं. कापितोनोवने खिशातून रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला आणि विचारलं, "आणि त्या चार सरळ पट्ट्यांचं काय करायचं?"

"आराखड्याप्रमाणे करा. आजच. या बाईंच्या देखरेखीखाली."

कार्यशाळेत फिटरने पहिली पट्टी पकडीत अडकवली आणि तिच्यावर लांब दांड्याचा पाना चढवला. त्याला या सगळ्यातलं काहीच माहीत नव्हतं, तो शीळ घालत होता. तैसिया कोनमापक घेऊन शेजारी उभी राहिली. त्याने जोर लावला, तसा वाकणाऱ्या जागी रंग तडकला आणि पोपडे निघून तिच्या बुटांवर पडले.

"झालं का, बाई?" त्याने विचारलं.

तिने कोनमापक लावून पाहिलं.

"अजून थोडी वाकवा," ती म्हणाली.