तुटक टोन

मित्रांनो, मी एक जुना ऑफिसचा फोन आहे आणि खरं सांगायचं तर आता दमलो आहे. माझा चारचा आकडा जोर लावल्याशिवाय दाबला जात नाही. "हॅलो, हॅलो" ऐकून माझे कान किटले आहेत.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट! स्टार चार-एक आणि दुसऱ्या टेबलाचा नंबर दाबला, की माझे सगळे फोन तिकडे वाजत. हॅश चार-एक दाबलं, की ते परत माझ्याकडे. आमच्या ऑपरेटरबाईंनी हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून माझ्या पोटावर चिकटवलं होतं. शेवटची ओळ होती, 'टोन तुटक आला तर फोन वळवलेला आहे.' कौतुक आठ दिवस टिकलं. मग लोक पुन्हा एकमेकांना हाका मारू लागले.

मी होतो जावक विभागातल्या ताईंच्या टेबलावर. मोबाईल तेव्हा खिशाखिशांत आले नव्हते. ताईंनी वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून वडिलांनी दोन वर्षं अबोला धरला होता. एकदा आईचा निरोप आला, "या आठवड्यात ते तुला ऑफिसात फोन करणार आहेत. तू करू नकोस, त्यांना करू दे."

नेमकी त्याच आठवड्यात सोमवारी तपासणी निघाली. ताईंना दिवसभर खाली रेकॉर्डच्या खोलीत फायली लावायच्या होत्या. वडिलांचा फोन चुकू नये म्हणून त्यांनी माझे फोन तिकडे वळवले. साहेबांना मळकी दिसेल म्हणून जाता जाता चिठ्ठीही खरवडून काढली. "पाठ आहे मला," म्हणाल्या. संध्याकाळी थकून वर आल्या आणि फोन परत घ्यायचं साफ विसरल्या. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डवाले काका खोलीला कुलूप लावून रजेवर गेले.

तीन दिवस मी वाजलो नाही. ताई पाणी प्यायलासुद्धा उठेनात. घडीघडी मला उचलून कानाला लावत. "टोन तर येतोय. मग करत का नाहीत?" मी तुटक टोन देऊन देऊन थकलो. ताई म्हणाल्या, "म्हातारा झालाय, अडखळतोय." मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी काका रजेवरून परतले आणि धापा टाकत वर आले. "अहो ताई, तुमचा फोन माझ्याकडे वाजतोय! कुणी वयस्कर गृहस्थ होते. म्हणाले, चार दिवस लावतोय. तिला उचलायचाच नसेल तर राहिलं, आता नाही करणार मी."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. आईचं बजावणं बाजूला ठेवून त्यांनी माहेरचा नंबर दाबला.

"बाबा, मी उचलला नाही असं नाही हो. माझ्याकडे वाजलाच नाही."

पलीकडून आवाज आला, "मला वाटलं, तू अजून रागावलेली आहेस." काका उगाच खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मित्रांनो, मला पुसा, धुळीत टाकू नका, हे तर मागणं आहेच. पण त्याहून मोठं एक आहे. तुमचा फोन कुणी उचलला नाही, तर लगेच मनाला लावून घेऊ नका. आणखी एकदा लावा.