सहा महिन्यांची नर्स

मंजुषाचा गोंधळ सातपूरच्या नर्सिंगच्या क्लासमध्येच सुरू झाला. क्लासचे सर म्हणायचे, "सहा महिने काढा, नर्स व्हाल." शिकवायला येणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "तुम्ही मदतनीस. नर्स व्हायला तीन-चार वर्षं घासावी लागतात." सरावाला दवाखान्यात गेली की पेशंट 'सिस्टर' म्हणायचे आणि खऱ्या सिस्टर म्हणायच्या, "ए क्लासवाली, चादर बदल." कुणाचं खरं मानायचं, बिचारीला कळेना. तिच्या वडिलांना असले प्रश्न पडत नसत. भिमाजींनी येवल्याजवळच्या आपल्या गावात पोरगी नर्स झाल्याचं केव्हाच सांगून टाकलं होतं.

क्लास संपवून ती घरी आली, तेव्हा नवसाआत्या तापानं फणफणली होती. घरात नर्स असताना डॉक्टर कशाला? शहाण्यांनी मेडिकलमधून सलाईनची बाटली आणून खुंटीला टांगलीसुद्धा. आत्यानं बाही वर सारली.

"लाव पोरी. लय अशक्तपणा आलाय."

दारात शेजारीपाजारी जमले. मंजुषानं आजवर सुई टोचली होती ती क्लासमधल्या सरावाच्या रबरी हातात. जमेल, असं वाटलं. लगेच वाटलं, नाही जमलं तर? आणि नाही म्हटलं तर बाबांची गावात काय शोभा राहील? तिला रडूच फुटायचं बाकी होतं. काहीतरी करायचं म्हणून तिनं आत्याची नाडी धरली, आणि मग तिचं लक्ष छातीकडे गेलं. आत्याला चांगलीच धाप लागली होती.

तिनं आत्याला उशीला टेकवून बसवलं. "दवाखान्यात न्या. मी बाटली लावणार नाय."

"मग शिकलीस काय?" भिमाजी ओरडले.

"ते मलाबी नीट कळत नाय, बाबा. पण हिला आत्ता न्यायला पायजे."

भिमाजी धुसफुसत जीप घेऊन आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासून न्यूमोनिया सांगितला. सिस्टरनं विचारलं, "घरी सलाईन लावलं का?"

"नाही," मंजुषा म्हणाली.

"बरं केलंत. धाप आणखी वाढली असती."

"ही आमची नर्स हाय," आत्या धापा टाकत म्हणाली, "पण सुईला भिते."

सिस्टरनं वळून पाहिलं. "हो? कुठं असता ड्युटीला?"

भिमाजी मोठ्या आशेनं लेकीकडे बघत होते. मंजुषानं सिस्टरकडे पाहिलं.

"मी नर्स नाही," ती म्हणाली. "मी यांची भाची."

भिमाजी बाहेर निघून गेले. त्यांच्या मागे जावं की इथंच थांबावं, हेही तिला कळेना. ती आत्याजवळ थांबली.