अक्कांचे राहिलेले पंधरा दिवस

मी राजाजीनगरच्या अहल्याबाईंचा गॅसचा ओव्हन बोलतोय. हसू नका. पोटात आग घेऊन जन्मलेल्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. फक्त बोलायला हवं होतं तेव्हा मला बोलता आलं नाही, आणि ते मला अजून खातंय.

माझा जन्म विलायतेतला. बंगळुरात नुकते गॅसचे सिलिंडर यायला लागले होते, तेव्हा मी कंटोन्मेंटमधल्या एका मडमेच्या बंगल्यात होतो. तिथे माझ्यात काय काय भाजलं जायचं, ते या घरात सांगायची सोय नाही. त्रेसष्ट साली मडम मायदेशी निघाली आणि अहल्याबाईंच्या नवऱ्याने, रघुपतींनी, मला विकत घेतलं. ते कारखान्यात नोकरीला. बायको महिला समाजात नानकटाई शिकून आली होती, तिची हौस पुरवायची म्हणून मला हातगाडीवर घालून घरी आणलं.

दारातच अक्का उभ्या होत्या. वसुमतीअक्का, रघुपतींच्या थोरल्या बहीण. चौदाव्या वर्षी विधवा झाल्या, आई गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. सोवळं इतकं कडक की शेजारणीचा पदर लागला तरी पुन्हा आंघोळ. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, मडमेने याच्यात काय शिजवलं असेल रे? रघुपतींनी चक्क आकाशाकडे बघितलं.

अहल्येने मला राखेने घासलं, चिंचेने घासलं, गोमूत्र शिंपडलं. बिचारीचे हात सोलवटले. तिला लहानपणापासून आई नव्हती. अक्कांनी आपल्या हातचा एक घास चाखून बरा म्हणावा, एवढीच तिची आस. प्रत्येक घाण्यातली पहिली नानकटाई ती वाटीत घालून अक्कांपुढे ठेवायची. अक्का म्हणायच्या, वास छान सुटलाय गं. मग ती नानकटाई शेजारच्या मुलांच्या हाती जायची. अहल्या हसून वाटी उचलायची, पण माझं दार लावताना तिचा हात जड व्हायचा.

पुढच्या वर्षीची आषाढी एकादशी उजाडली. घर झोपलेलं असताना अक्का न्हाऊन, ओल्या केसांनी नव्हे, त्यांना केस कुठले, ओल्या लुगड्याने माझ्यापुढे येऊन बसल्या. दार उघडलं, माझ्या तळाच्या पत्र्यावर चिमटीने रांगोळीची चार बोटं ओढली, हात जोडले. आणि हळूच म्हणाल्या, "बाबा रे, चुलीला रोज रांगोळी लागते, तुला कुणी घातलीच नाही. चातुर्मासभर मी घालते. कार्तिकी झाली की तू आमचा. मग पोरीच्या हातची खाईन."

मला गहिवरून आलं. विलायतेतून निघाल्यापासून मला कुणी आमचा म्हटलं नव्हतं.

नेम बोलून दाखवला की फळत नाही, अशी त्यांची समजूत. शिवाय रघुपती चेष्टा करतील ही धास्ती. म्हणून हात जोडून झाले की त्या फडक्याने रांगोळी पुसून टाकायच्या. इथेच घोटाळा झाला. माझ्या तळाच्या पत्र्याला फटी आहेत आणि फटींखाली बर्नर. पुसलेली पूड रोज थोडी थोडी खाली झरायची आणि बर्नरच्या बारीक भोकांत बसायची.

भाद्रपदापर्यंत माझा दम कोंडायला लागला. पूर्वी पाव तासात तापायचो, आता तास लागायचा. ज्योत एका बाजूला पिवळी, दुसऱ्या बाजूला नाहीच. नानकटाई फुलण्याऐवजी पसरायची. रघुपतींनी सिलिंडर बदलला. रेग्युलेटर बदलला, नळी बदलली. दारात कागद धरून ओढून पाहिला, फटीतून ऊब जातेय का म्हणून. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी! अहो, तळाचा पत्रा उचला, असं मी किती कळवळून म्हणत होतो. पण माझं तोंड नुसतं उघडायचं नि मिटायचं.

दिवाळी तोंडावर आली. अहल्येचे दोन घाणे वाया गेले होते, रात्रभर ती रडली होती. पहाटे उठून आली तर अक्कांचा हात माझ्या पोटात. फडकं फिरत होतं. रांगोळी पुसून झाली होती.

"अक्का, खायचं नसेल तर नका खाऊ," ती म्हणाली. "पण माझा ओव्हन का बिघडवता?"

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. सांगितलं असतं तर नेम मोडला असता. त्या कानडीत एवढंच म्हणाल्या, "सरी." म्हणजे, बरं.

दुपारच्या गाडीने त्या धारवाडला चुलतभावाकडे गेल्या. दिवाळीलाही आल्या नाहीत. त्या निघाल्या तेव्हा कार्तिकीला पंधरा दिवस राहिले होते. मी ते एकेक मोजले. मार्गशीर्षात तार आली, तापाने गेल्या.

महिन्याभराने बेळगावकडचा कल्लाप्पा मिस्त्री आला. स्वल्प थांबा बाई, म्हणत त्याने पहिल्याच झटक्यात तळाचा पत्रा उचलला. बर्नर उलटा करून ठोकला. कागदावर मूठभर पांढरी पूड पडली. त्याने तारेने भोकं मोकळी केली, काडी लावली, आणि माझी ज्योत सरळ निळी उभी राहिली. कधी नव्हे इतका मी त्या दिवशी लवकर तापलो. मला त्याची लाज वाटली.

अहल्येने पूड चिमटीत घेऊन चोळली. देवघरातून अक्कांचा रांगोळीचा डबा आणून ताडून पाहिली. मग माझ्यापुढेच खाली बसली. "पूजा करत होत्या हो, आणि मी काय बोलले," एवढंच ती रघुपतींना म्हणाली.

त्याला आता चार वर्षं झाली. तिने माझ्यात पुन्हा काही भाजलं नाही. मी मागच्या पडवीत आहे, पोटात जुनी वर्तमानपत्रं. रोज सकाळी ती माझ्यासमोरच्या फरशीवर चार बोटं रांगोळी ओढते आणि क्षमा मागते. तिला वाटतं, अक्का तिच्यावर रागावून, तिच्या हातचं काही न खायचं ठरवून गेल्या.

तुम्ही कधी राजाजीनगरला गेलात तर त्या पोरीला माझा निरोप सांगाल का? म्हणावं, अक्का तुझ्या हातची नानकटाई खाणार होत्या. फक्त पंधरा दिवस राहिले होते.