निम्म्यावर थांबणारे मणी

आमच्या लक्ष्मीकांत सरांना पाहुण्यांसमोर जुनं काही ठेवलेलं खपत नाही. कुणी यायचं म्हटलं की कपबशा नव्या, टेबलावरचं कापड अमीनाबादच्या बाजारातून नवं. सर मूळचे सांगलीचे, सगळी नोकरी लखनौत झाली, पण ही खोड काही सुटली नाही. त्यामुळे पुण्याहून विनया मॅडम आमचा प्रकल्प तपासायला येणार म्हटल्यावर फर्मान निघालं, "क्षितिजा, मणी ताजे बनव. ते टवके उडालेले दाखवू नकोस."

मणी म्हणजे मोहरीएवढे पॉलिमरचे गोळे, त्यांच्यावर पॅलेडियम धातूचे अतिसूक्ष्म कण बसवलेले. त्यांच्या मदतीने मी एका द्रवाला हायड्रोजन जोडते, पण निम्माच. तिथे थांबलं की ताज्या कापलेल्या गवताचा वास येतो. अत्तरवाल्यांना तोच हवा असतो. पुढे गेलं की तेलकट वासाचं भलतंच काहीतरी पदरात पडतं. हेच काम करणाऱ्या नेहमीच्या उत्प्रेरकात विषारी शिसं असतं, माझ्या मण्यांत नाही. पीएचडीची तीन वर्षं मी यांच्याच मागे आहे. मॅडमनी नाक मुरडलं तर विषय बंद आणि मला पुन्हा श्रीगणेशा.

ताजे मणी मी अगदी मन लावून बनवले. मॅडम यायच्या त्या सकाळी तालीम घेतली. फुग्यातला हायड्रोजन सोडला, थोड्या वेळाने कोणता पदार्थ किती बनला ते दाखवणाऱ्या यंत्रात एक थेंब घातला, तर पडद्यावर नको त्याच पदार्थाचं उंच शिखर! बाटलीचं बूच काढलं आणि तेलकट भपकारा आला.

शेजारी माझ्यासोबत काम करणारा प्रथमेश होता. तो इथल्याच, लखनौच्या इंदिरा नगरात वाढलेला. मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र हिंदीत. "अरे यार, इसने तो रुकने का नाम ही नहीं लिया."

"नवीन आहेत ना, अंगात रग आहे," मी वैतागून म्हणाले आणि एकदम आठवलं. जुने मणी पहिल्यांदा वापरले तेव्हाही अस्संच झालं होतं! तेव्हा वाटलं होतं, माझंच काहीतरी चुकलं. चूक माझी नव्हतीच. नव्या कणांवर काही जागा फार उतावळ्या असतात. वापरता वापरता त्या द्रवातल्याच रेणूंनी झाकल्या जात असणार, आणि मग मणी शहाण्यासारखे वागत असणार.

मी धावत सरांकडे गेले. मॅडमची गाडी चारबाग स्टेशनला लागल्याचा फोन त्यांना नुकताच आला होता.

"सर, जुनेच मणी वापरू या."

"डोकं ठिकाणावर आहे का? एवढ्या लांबून बाई आल्यात आणि त्यांना वापरलेला माल दाखवायचा?"

"ताजे दाखवले तर विषय आजच बंद होईल, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "कर बाई तुला काय करायचंय ते."

मॅडम आल्या त्या थेट प्रयोगशाळेतच. चहा नको म्हणाल्या, नव्या कपबशा तशाच राहिल्या. "हे मणी वापरलेले दिसतात," त्या म्हणाल्या.

"हो. ताजेही आहेत, पण ते थांबत नाहीत. सकाळचा आलेख दाखवते."

सरांनी कपाळाला हात लावला. मी आलेख दाखवला, मग जुन्या मण्यांवर प्रयोग केला. शिखर हवं तिथेच आलं. मॅडमनी वास घेतला, चेहरा मात्र कोरा.

"मणी धुवा आणि लगेच पुन्हा करा. माझ्यासमोर."

आता माझी पाचावर धारण बसली. मी गाळले, धुतले, पुन्हा फुगा लावला. प्रथमेश तोंडातल्या तोंडात हनुमान चालीसा म्हणत होता. आणि पुन्हा तेच शिखर, तोच हिरवा वास!

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "सगळे मला ताजा माल दाखवतात. पुन्हा करा म्हटलं की घाम फुटतो. खरं सांगू? मी हा विषय बंद करायलाच आले होते. आता चालू ठेवा. आणि ते ताजे मणी का थांबत नाहीत, हे नीट सिद्ध करा. प्रबंधाचा जीव तिथेच आहे."

एवढा आनंद मला उभ्याने पेलवेना, म्हणून मी तिथल्याच स्टुलावर बसले आणि चक्क रडले.

सर लगबगीने बाहेर गेले, स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून आणला आणि मॅडमच्या पुढून नेऊन आधी मला दिला.