चव उत्तम, पण गढूळ

"आख्खं आयुष्य गावाचं पाणी गाळलंस, आणि स्वतःची बिअर गाळायचं आज सुचतंय होय?" ब्रेंडाने फिल्टरचं खोकं काउंटरवर ठेवलं.

वॉल्टर गारसाइड ओशाळा हसला. इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या एका दरीतल्या पाणीपुरवठा केंद्रावर चौतीस वर्षं पंप दुरुस्त करून तो निवृत्त झाला होता. घरी बिअर करणाऱ्यांना लागणारं सगळं सामान ब्रेंडाच्या दुकानात मिळे.

"ऐक राजा, गाळलीस की यीस्टही जातं. मग बाटलीत आपोआप फेस धरत नाही, गॅस भरावा लागतो. आणि चवही थोडी जाते. त्यापेक्षा महिनाभर थंड जागी ठेव की, बसतो गाळ तळाशी."

"ते करून झालं. जिलेटिनही घालून झालं. पिकर्सगिल म्हणतात, गाळा."

"त्या परीक्षकाचं एवढं काय मनावर घेतोस?"

वॉल्टरने पैसे मोजून खोकं काखेत मारलं. त्याला कोणी पत्र लिहीत नसे. आई गेल्यापासून घरात दुसरा आवाज रेडिओचाच. पण दर सप्टेंबरात, जत्रेतल्या बिअर स्पर्धेनंतर, गुणपत्रिकेच्या तळाशी हिरव्या शाईत दोन ओळी येत. 'चव उत्तम, पण गढूळ. थंड ठेवून पाहिलंत का?' पुढल्या वर्षी, 'थोडी निवळली आहे. जिलेटिन वापरून बघा.' मग, 'आता एकदा गाळून पाहा.' खाली सही, ई. पिकर्सगिल. अशा सात पत्रिका स्वयंपाकघराच्या खणात होत्या. उत्तर लिहायला जागा नसे, म्हणून वॉल्टरचं उत्तर म्हणजे पुढल्या वर्षीची बाटली. बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, हे त्याला ठाऊक होतं. पण चव ओळखीची झाली असणार, असं त्याने धरूनच ठेवलं होतं.

त्या रविवारी त्याने नळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या, जाड कागदी चकत्या फिल्टरमध्ये बसवल्या आणि पंप सुरू केला. त्याच्या हातांना हे काम सांगावं लागत नव्हतं. ग्लास खिडकीशी धरला तर पलीकडची मेंढरं मोजता येत होती. एक घोट घेतला. किंचित पातळ वाटली. तरी तो खूश होता. यंदा काय लिहितील?

जत्रेच्या तंबूत त्याच्या बाटलीवर पहिल्या नंबरचं लाल कार्ड होतं. नितळपणाला पैकीच्या पैकी गुण. खालचा शेऱ्याचा रकाना कोरा. फक्त सही.

"ब्रेंडा, काहीच लिहिलं नाही?"

"अरे पहिला आलास! आता काय महाकाव्य लिहायचं? त्या बघ पिकर्सगिलबाई, तिथेच आहेत. विचार जा."

तंबूच्या खांबाशी त्याच्याच वयाची एक बाई सँडविच खात उभी होती. वॉल्टरने टोपी काढली. "मी एकवीस नंबर. लाल कार्डवाला."

"अभिनंदन! खोट काढायला जागाच ठेवली नाहीत."

"जरा पातळ लागली का?"

बाईंनी विचार केला. "लागली. खरं सांगू का, थोडी गढूळ असती तर मी अजून एक ग्लास घेतला असता. पण नियम पडले नितळपणाचे." मग त्यांनी ओठ पुसले. "चांगली जमते तुम्हाला. आधी कधी भाग घेतला होता?"

वॉल्टरने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या आपुलकीनेच विचारत होत्या. त्यांच्या खिशाला हिरव्या शाईचं पेन लावलेलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "यंदा पहिल्यांदाच."

"पहिल्यांदाच? कमाल आहे!" त्यांनी हात पुढे केला, आणि वॉल्टरने तो हातात घेतला.

बस यायला अजून तासभर अवकाश होता. त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि टेबलं घडी करणाऱ्या माणसांना जाऊन मिळाला.