झेफुंदे येईपर्यंत

इथे गावात कोंबड्या रात्रीपुरत्या आंब्यावर चढून बसल्या आहेत.

तिकडे समुद्रापार, एडमंटनमध्ये सकाळ. बर्फ.

दिवसा गोष्ट सांगितली की डोक्याला शिंगं फुटतात.

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबा एक शब्द बोललेले नाहीत.

मक्याच्या पिठाच्या पोत्याला टेकवलेला माझा फोन. त्यात हॉस्पिटलची उशी, उशीवर बाबा.

“तिकडे उजाडलंय, आत्या,” मी म्हटलं.

“शिंगं सांगणाऱ्याला फुटतात. इथे अंधार पडलाय.” मुचानेता आत्या, बाबांची थोरली बहीण, चुलीपाशी सरकली.

“मागच्या सुगीतल्या गोष्टीचं रेकॉर्डिंग पाठवू? त्यात पोरांचं झेफुंदेसुद्धा आहे.”

“पाठव की. आणि उद्यापासून मला जेवणही फोटोतलंच वाढ.”

आत्याने एक वाक्य बोलायचं. ऐकणाऱ्याने ‘झेफुंदे’ म्हणायचं. ते आल्याशिवाय दुसरं वाक्य नाही.

“एक होता ससा.”

“झेफुंदे,” चुलीभोवतीची पोरं ओरडली.

“तुम्ही गप्प बसा रे. ही माझ्या धाकट्या भावाची, फारायीची गोष्ट आहे.”

ती थांबली. पडद्यावर बाबा हलत नव्हते. बाबाच हलत नव्हते, की चित्र अडकलं होतं? मी सलाईनकडे पाहिलं. थेंबही मध्येच लटकलेला. चुलीचा धूर छपरापर्यंत गेला, तिथे जरा रेंगाळला, गवतातून बाहेर पडला. आत्या थांबलेलीच.

मग, ओठ मिटलेले असतानाच, आवाज आला. जाड, ओला, लांबचा.

“झेफुंदे.”

पोरं माझ्याकडे बघायला लागली. आत्याने कुणाकडेच पाहिलं नाही.

“ससा नदीवर गेला. नदी घरी नव्हती.”

आता ओठ हलले. आवाज नाही.

“आत्या, हे मघाचं की आत्ताचं?”

“गुरं घेऊन परतायचा ना हा, तेव्हा शीळ आधी यायची आणि स्वारी मागून. येऊ दे सावकाश.”

सशाने नदीच्या रिकाम्या अंथरुणात पाय ठेवला, आणि माझ्या फोनची बॅटरी संपली.

काळ्या पडद्यात चूल दिसत होती.

आत्या थांबली नाही. एक वाक्य, मग मोकळी जागा. एक वाक्य, मोकळी जागा. कधी लहान, कधी इतकी लांब, की मला डुलकी लागायची आणि नदी माझ्या पायांवरून जायची. त्या जागेत पोरांपैकी कुणी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी एडमंटनच्या नर्सने सांगितलं, फोन बंद झाल्यावर पेशंट थांबून थांबून एकच शब्द म्हणत होता. तिला आमची भाषा येत नव्हती, म्हणून तिने पाणी पाजलं.