पिवळ्या ठिपक्याची माशी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. एक भिंग, एक काच आणि खाली एक आरसा, एवढाच माझा संसार. अंबाल्याच्या कारखान्यात घडलो आणि देवळीच्या एका कॉलेजात राहायला आलो. मुलं माझ्यातून झुरळाचे पाय बघत आणि घंटा झाली की मला उघडाच टाकून पळत.

मग १९९८ साली रक्षा मॅडम शिकवायला आल्या. त्यांनी माझं भिंग मलमलीनं पुसलं, तेव्हा कुणी नावानं हाक मारल्यासारखं वाटलं मला. मॅडमना वेड होतं तिळाएवढ्या माश्यांच्या एका कुळाचं. या माश्यांच्या अळ्या पानांत नाहीतर खोडांत बोगदे कोरतात. नुसत्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच. कोणती कुठली हे ओळखायला मॅडम माझ्यावर वाकून बसत. त्यांचा श्वास माझ्या काचेवर धुक्यासारखा उमटे.

त्या नाचणगावला देवकाबाईंच्या घरी भाड्यानं राहत. पुढच्या पावसाळ्यात मला पिशवीत घालून एसटीनं तिकडे घेऊन गेल्या. देवकाबाईंचं सोयाबीन सुकत चाललं होतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, त्यांचा झेंडू होता. त्याचं बी त्यांनी लग्नात माहेराहून पदरात बांधून आणलं होतं आणि दरवर्षी राखलं होतं. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. त्या झेंडूच्या पानांवर पांढऱ्या वाकड्या रेघा उठल्या होत्या, बारीक माश्या बसत होत्या.

"या झेंडूनंच वावरात माश्या आणल्या," त्यांचे यजमान पुंडलिकराव म्हणाले. "उपटूनच टाकतो."

देवकाबाईंनी मॅडमकडे पाहिलं.

"थांबा काका," मॅडम म्हणाल्या. "माशी कोणती हे तं पाहू द्या."

त्यांनी सोयाबीनचं खोड चिरलं. आत लालसर बोगदा, त्यात इवलासा कोष. ते खोड एका बरणीत ठेवलं, झेंडूची पानं दुसरीत, आणि तोंडाला मलमल बांधली. पुंडलिकराव येता-जाता विचारत, "माशी निघाली काय?"

एका सकाळी निघाल्या. मॅडमनी दोन्ही माश्या माझ्या काचेवर शेजारी ठेवल्या. खोडातली काळीभोर, चकचकीत. झेंडूतलीचं डोकं पिवळं आणि पाठीवर पिवळा ठिपका.

"कूळ एकच आहे, काका. पण ही पिवळ्या ठिपक्याची पानातच राहते, खोडात शिरत नाई. सोयाबीन वाळवून राह्यली ते ही काळी."

पुंडलिकराव एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग राहू दे झेंडू."

सोयाबीन निम्मंच हाती आलं. ते वाचवणं माझ्या हातात नव्हतं.

हिवाळ्यात एका दुपारी देवकाबाई लाजत म्हणाल्या, "पोरी, माह्यं बोट दिसन काय याच्यात?" बोट ठेवून त्या वाकल्या आणि एकदम ओरडल्या, "अवं माय! हे तं नांगरलेलं वावर दिसून राह्यलं!" मॅडमनी शेजारी आपलं बोट ठेवलं. त्याच्या रेघांत खडूची भुकटी होती. दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

आता कॉलेजात पडद्यावर चित्र दाखवणारी यंत्रं आली. मी कपाटात आहे, भिंगावर बुरशी धरतेय. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला झाकून ठेवा, मऊ कापडानं पुसा. आणि कुणालाही उपटून टाकण्याआधी एकदा वाकून बघा.